कल्याण बंदरातले ख्रिस्ती

इसवी सन 550च्या सुमारास कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवले, की ‘कल्लिआना’ इथे ख्रिस्ती बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. हे बंदर म्हणजे आपले कल्याणच, असे अनेक अभ्यासक मानतात. इराणी चर्च येशूला देवही मानी आणि माणूसही. मात्र हे दोन स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत, यावर त्याचा भर असे.

या भूमिकेमागे येशू देव की माणूस, हा जुना वाद होता.

एबियोनी या आरंभीच्या ख्रिस्ती पंथाच्या लेखी येशू माणूसच. उलट काहींना त्याचे शरीर हा निव्वळ भास वाटे. सामान्य भक्तांचे काय? सन 112च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनीने सम्राट ट्राजनला कळवले, की हे लोक ठरल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. पुढे 325 साली निकायाच्या परिषदेने येशू आणि पिता एकतत्त्व असल्याचे जाहीर केले. 451 साली खाल्सेडोनच्या परिषदेने त्याला पूर्ण देव आणि पूर्ण माणूस म्हटले.

त्यामुळे येशूचे देवत्व निकायाच्या परिषदेत प्रथम ठरले, हा समज प्लिनीच्या पत्रापुढे टिकत नाही.