निवड, नशीब आणि कसब



दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या जमिनीवर संध्याकाळी येऊन तासभर बसणे, हीच मुळी एक तपश्चर्या आहे. आणि ती आपण मजसारख्या माणसासाठी करीत आहात, याचा मला संकोच वाटतो. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या फाटकावर झाले. असा माणूस फुटबॉलवर काय बोलणार, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. मी फुटबॉल खेळलेला नाही. परंतु माणसे कशी निवडली जातात आणि निवडल्यावर त्यांचे काय होते, हे मी तीस वर्षे जवळून पाहात आलो आहे. आजचा विषय खरोखर तोच आहे.

प्रथम ही ड्राफ्टची पद्धत काय, ते सांगतो. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा. चेंडू लांबट, आणि तो हातात धरून पळावयाचे. तेथील धंदेवाईक संघांत १९३५ पर्यंत ज्याच्याजवळ पैसा अधिक, तो चांगला खेळाडू उचलीत असे. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांना चांगले खेळाडू मिळेनात. त्यांनी तोड सुचवली : कॉलेजांतून बाहेर पडणारे खेळाडू सर्व संघांनी पाळीपाळीने निवडावेत, आणि गेल्या वर्षी जो तळाला राहिला त्याला पहिली पाळी द्यावी. १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला. पहिली पाळी बेल यांच्याच संघाची. त्यांनी निवडला जे बरवँगर, त्या वेळचा सर्वांत नावाजलेला कॉलेज-खेळाडू. आणि गंमत अशी की, हे गृहस्थ धंदेवाईक फुटबॉलचा एकही सामना खेळले नाहीत. पगाराचे जमले नाही, त्यांनी दुसरी नोकरी धरली. पहिल्या ड्राफ्टची पहिलीच निवड वाया गेली!

आपल्याकडेही हा प्रयोग झाला. २०१७ च्या जुलैत मुंबईत इंडियन सुपर लीगच्या दहा संघांसाठी भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट भरला होता. प्रत्येकाची किंमत आधीच ठरलेली. सर्वांत वरची किंमत एक कोटी दहा लाख, आणि ती दोघांच्या नावापुढे होती : अनस एडाथोडिका आणि युजीनसन लिंगडोह. अनसला जमशेदपूरने घेतले, लिंगडोहला कोलकात्याच्या संघाने. कोलकात्याचा संघ आदल्या वर्षीचा विजेता. पण लिंगडोह थोडेच सामने खेळून जायबंदी झाला, आणि विजेता संघ दहांत नववा आला. निवडणारे मूर्ख होते काय? मुळीच नाही. खेळाडू उत्तमच होता. पण गुडघा कोणाला विचारून दुखावत नाही.

आपण म्हणाल, एका उदाहरणावरून सिद्धांत काढू नये. बरोबर आहे. म्हणून मोजमाप करणाऱ्यांकडे जाऊ. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी तेथील ड्राफ्टचा अनेक वर्षांचा हिशेब मांडला. थेलर यांना पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी प्रश्न साधाच विचारला. एकाच जागेवर खेळणारे दोघे. एक आधी निवडला गेला, दुसरा त्याच्या लगेच मागून. मग आधी निवडलेलाच पुढे सरस ठरला, असे शंभरात किती वेळा घडले? उत्तर आले, सुमारे ५२ वेळा. नाणे उडवले असते तर ५० वेळा जमले असते! एवढे तज्ज्ञ, एवढा खर्च, आणि हाती काय, तर शंभरात दोनाची भर. मॅसी यांनी पुढे असेही मांडले की, एका वर्षी ज्या संघाची निवड साधली त्याची पुढल्या वर्षीही साधेल, असे आकडे सांगत नाहीत. याउलट टॉम ब्रेडी पहा. २००० साली १९८ जण निवडून झाल्यावर त्याचे नाव पुकारले गेले, आणि त्याने पुढे सात वेळा अजिंक्यपद पाहिले.

मग सगळे दैवावर सोडून वैद्यनाथाला अभिषेक करून बसावे काय? नाही. येथेच माझे म्हणणे सुरू होते.

कसब आहे, पण ते बोट दाखवून एकाला निवडण्यात फार थोडे आहे. ते दोन ठिकाणी आहे. पहिले, एकाच माणसावर सगळी पुंजी न लावता अनेकांना संधी देण्यात. मॅसी-थेलर यांचेही सांगणे हेच, की वरची एक पाळी देऊन खालच्या दोन-तीन पाळ्या मिळत असतील तर त्या घ्याव्यात. आणि दुसरे, निवडलेल्याला घडवण्यात.

आपल्या जवळच्या खेळाकडे, कबड्डीकडे या. तेथे ड्राफ्ट नसून लिलाव असतो, पण प्रश्न तोच. २०२२ साली पवन सेहरावतला तमिळ थलायवाजने दोन कोटी सव्वीस लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात तो जायबंदी होऊन हंगामाबाहेर गेला. लोक म्हणाले, संघ संपला. तर नरेंदर नावाच्या नवख्या पोराने चढाईचे २४३ गुण मिळवले आणि संघ उपांत्य फेरीत गेला! पुढल्या वर्षी तेलुगू टायटन्सने पवनला दोन कोटी साठ लाखांवर किंमत देऊन नेले. पवन खेळला, पण संघाने बावीसपैकी दोन सामने जिंकले आणि तो तळाला राहिला.

त्याच हंगामाचे अजिंक्यपद, १ मार्च २०२४ रोजी, पुणेरी पलटणने हरयाणाला २८-२५ असे हरवून घेतले. त्यांचा कप्तान अस्लम इनामदार, नगर जिल्ह्यातील टाकळीभानचा, गरिबीतून वर आलेला. अशी पोरे पलटणने कोवळ्या वयात घेऊन एकत्र वाढवली होती. अर्थात त्यांनी इराणच्या शादलूवर दोन कोटी पस्तीस लाखही मोजले होते, आणि त्याने ते फेडले. तेव्हा किमतीला अर्थच नाही, असे मी म्हणत नाही. किंमत म्हणजे अंदाज आहे. माणसाची लायकी नव्हे, एवढेच म्हणतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. युनियनच्या चिटणीसपदासाठी दोन तरुण होते. एक सभा गाजवणारा, दुसरा कोपऱ्यात बसून वर्गणीची वही लिहिणारा. मी बोलणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. वर्षाच्या आत तो ठेकेदाराच्या मोटारीतून हिंडू लागला. वही लिहिणाऱ्याने पुढे दोन लांबलेले संप एकही पैसा इकडचा तिकडे न होऊ देता निभावले. तेव्हापासून मी एक नियम केला : दहाजणांना काम द्यावयाचे, सहा महिने सोबत चालावयाचे, मग बोलावयाचे.

आता मुख्य गोष्ट. नशिबाचा वाटा एवढा मोठा असेल, तर ते फिरल्यावर भरपाई कोणी करावयाची?

आपल्या बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या आधी मुकादम कोयता निवडतो. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे आपल्याला सांगावयास नको. दंड पाहून, वय पाहून तो उचल देतो. हाही एक ड्राफ्टच आहे. पण फडात बाईला ताप भरला, पायावर कोयता बसला, की काम थांबते आणि उचल मात्र डोक्यावर राहते. निवड मुकादमाची, नफा कारखान्याचा, आणि फुटके नशीब तेवढे मजुराचे! हा न्याय कोणता?

ड्राफ्टमध्येही खेळाडूला विचारले जात नाही, तू कोठे खेळशील म्हणून. मालकांची आपसातील चढाओढ थांबली की मजुरी खाली राहते, हे तर आपल्या नाक्यावरचा पोरगाही सांगेल. हे ओळखूनच अमेरिकेतील फुटबॉलपटूंनी १९५६ साली आपली संघटना उभारली. १९९३ च्या करारात त्यांनी ड्राफ्टच्या फेऱ्या कमी करून घेतल्या, आणि काही वर्षे खेळून करार संपलेल्याला हव्या त्या संघाकडे जाण्याची मोकळीक मिळवली. आपल्या देशात बायचुंग भुतियांच्या अध्यक्षतेखाली २००६ साली फुटबॉलपटूंची संघटना निघाली. ज्यांचे पोस्टर भिंतीवर लागतात त्यांनाही एकत्र यावे लागले, मग कोयत्याने का लाजावे?

निवड चुकणारच, तो निवडणाऱ्याचा गुन्हा नव्हे. पण आपली निवड अचूक असल्याचा ताठा धरणे, आणि चुकल्यावर तिचा भार निवडलेल्याच्या माथी मारणे, हा मात्र गुन्हा आहे.

जाता जाता आईबापांना एक सांगतो. थोड्याच दिवसांत दहावीचे निकाल लागतील. घरोघर एक ड्राफ्ट भरेल. कोणी पहिल्या फेरीतला ठरेल, कोणी शेवटच्या. त्या दिवशी मागे राहिलेल्या लेकराला नावे ठेवण्याआधी बावन्नाचा तो आकडा आठवा. निवडणारे आपणही काही फार शहाणे नाही. त्याला मैदानात उतरू द्या, आणि पडलाच तर उचलावयास जवळ उभे राहा.