सडपातळ देह आणि सक्षम हृदय



स्थूल मनुष्यास हृदयविकार जडतो आणि सडपातळ मनुष्य त्यापासून सुरक्षित असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी, हे पाहताना आरंभ आपल्या म्हैसूर नगरीपासूनच करू.

येथील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयाने बाळंतपणाच्या जुन्या नोंदी जतन केल्या होत्या. त्यांच्या आधारे १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांची तपासणी झाली. १९९६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : जन्मतः अडीच किलो वा त्याहून कमी वजन असलेल्यांत हृद्‌रोहिणीविकाराचे प्रमाण शेकडा ११ होते, ३.१ किलोहून अधिक वजनाच्यांत ते शेकडा ३ होते. ज्यांच्या माता कृश होत्या, त्यांना धोका अधिक होता.

जन्मवेळचे कृशत्व आणि प्रौढपणीचे कृशत्व एक नव्हे, हे खरे. तथापि पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की आपली अर्भके लहान असली तरी त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने अधिक असते. २००४ साली त्यांनी स्वतःची तुलना लंडनच्या जॉन युडकिन यांच्याशी केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२. युडकिन मॅरेथॉन धावत असत. तराजूला हा भेद कळत नाही.

मग हृदयाचे रक्षण कोण करते? १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृद्‌रोहिणीविकार कमी होता. पुढे गणवेशाची मापे तपासली, तेव्हा पोट सुटलेल्या वाहकांनाही हा लाभ मिळत असल्याचे दिसले.

याचा अर्थ स्थूलता निरुपद्रवी आहे, असा नव्हे. तिच्यामुळे रक्तदाब व मधुमेह बळावतात, आणि पोटावरची चरबी विशेष घातक असते. परंतु वजन घटले नाही म्हणून चालणे सोडू नये. आणि आपण बारीक आहोत म्हणून स्वस्थ बसू नये. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे दोघांनाही हितावह आहे. चामुंडी टेकडीच्या सुमारे हजार पायऱ्या चढताना आपली खरी परीक्षा होते; मात्र छातीत दुखत असेल, तर आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

आणि घरातील गर्भवतीच्या ताटात पुरेसे अन्न असावे, कारण पुढच्या पिढीच्या हृदयाची जडणघडण तेथूनच सुरू होते.