अडलेली गाडी

मोटार सुरू होईनाशी झाली की तिच्याभोवती जमणाऱ्या प्रत्येकाला तिचा रोग ठाऊक असतो. कोणी म्हणतो बॅटरी गेली, कोणी म्हणतो डिझेल संपले, आणि कोणी काही न बोलता मागून ढकलू लागतो. गाडी कोठे अडली आहे हे तिलाच विचारावे, असे मात्र सहसा कोणाला सुचत नाही. मला ते एका जीपच्या चालकाने शिकविले.

२०१२ सालच्या डिसेंबरात मी दौऱ्यावर तोरणमाळला मुक्कामास होतो. सातपुड्यातील त्या उंचीवर पहाटे कडाक्याची थंडी पडते. सकाळी घाटाखाली एका जमिनीच्या प्रकरणाची सुनावणी होती. पक्षकार पायपीट करून येणार होते. आणि जीप सुरू होईना. चावी फिरविली की 'टक्' असा एक आवाज येई, की पुन्हा सारे शांत. मी संतापलो. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून चालकाकडून निष्काळजीपणाबद्दल खुलासा मागणारे टिपण मी लिहावयासही घेतले.

चालक म्हणाला, "साहेब, जरा पुढं उभं राहून दिव्यांकडं बघता का? मी चावी फिरवतो."

श्रोतेहो, या साध्या परीक्षेने बरेचसे निदान होते. पुढचे दिवे लावावेत आणि चावी फिरवावी. दिवे मुळातच मंद असतील, तर बॅटरी उतरली असे समजावे. दिवे तसेच तेजस्वी राहिले आणि एंजिन फिरले नाही, तर वीज आहे, पण ती स्टार्टरपर्यंत पोचत नाही किंवा स्टार्टरच बिघडला आहे. लख्ख दिवे चावी फिरताच विझले, तर बहुधा बॅटरीच्या टोकाशी असलेला जोड सैल किंवा गंजलेला असतो. दिव्यांपुरती वीज त्यातून जाते, स्टार्टरला लागणारा प्रचंड प्रवाह जात नाही. एंजिन जोराने फिरूनही पेट घेत नसेल, तर बॅटरीला दोष न देता इंधनाकडे वळावे. पेट्रोलच्या गाडीत ठिणगीही पाहावी. डिझेलच्या एंजिनात ठिणगी नसतेच, तेथे दाबाने तापलेली हवा इंधन पेटविते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन एकदम बदलल्या, तर गाडी सुरू होऊनही दोष कोणाचा होता हे कळत नाही.

आमचे दिवे लख्ख होते, आणि चावी फिरताच विझले. चालकाने बॉनेट उघडले. बॅटरीच्या एका टोकावर पांढरट हिरवा थर साचला होता आणि त्यावरचा क्लॅम्प तडकला होता. त्याने ऋण टोकाची तार आधी सोडविली, खानसाम्याकडून गरम पाणी आणि खाण्याचा सोडा आणविला, थर धुऊन टोक घासले आणि डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी घालून क्लॅम्प आवळला. जीप लगेच सुरू झाली.

घाट उतरताना मी विचारले, "हा क्लॅम्प आधीच का बदलून घेतला नाही?"

वळणावरची नजर न हलविता तो म्हणाला, "मागणी दिली होती, साहेब. दिवाळीच्या आधी."

ती मागणी माझ्याच टेबलावर, माझ्याच सहीसाठी पडून होती. आणि त्याच्याविरुद्धचे अर्धे लिहिलेले टिपण माझ्या खिशात होते.

सुनावणीला आम्ही वेळेवर पोचलो. प्रकरणाचे कागद आदल्या रात्री वाचून माझे मत जवळजवळ ठरले होते. त्या दिवशी मात्र दोन्ही पक्षांचे म्हणणे मी पहिल्यापासून पुन्हा ऐकले.