धावपट्टीवर थांबलेली माणसे

(मरोळ, अंधेरी येथील मिशन सभेत केलेले भाषण)



आपल्या डोक्यावरून दिवसभर विमाने जातात. आपण बोलणे थांबवतो आणि ते गेले की पुढे सुरू करतो. वर कोण बसले आहे, याचा विचार कोण करतो?

६ मे २०२१ची रात्र मात्र माझ्या लक्षात आहे. कोविडचे दिवस होते. एक एअर ॲम्ब्युलन्स, म्हणजे सी-९० जातीचे छोटे विमान, नागपूरहून उडाले आणि उडतानाच त्याचे एक चाक निखळून पडले. आत पाच माणसे होती, त्यांत एक रुग्ण. वैमानिक कॅप्टन केसरी सिंह यांनी ते मुंबईला आणले आणि रात्री नऊच्या सुमारास आपल्या या विमानतळावर पोटावरच उतरवले. पाचही जण सुखरूप! देवाची स्तुती असो.

कॅप्टनचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे. माझ्या मनात मात्र धावपट्टीवरचा फेस राहिला. धातू घासून ठिणगी पडते, त्याने इंधन पेटू नये म्हणून तो विमान येण्याआधीच पसरला होता. बंबही तयार होते. वर पाच जण संकटात होते, तेव्हा खाली कितीतरी माणसे त्यांच्यासाठी थांबली होती.

प्रेषितांची कृत्ये, २७वा अध्याय आठवा. पौलाचे तारू फुटले आणि २७६ माणसे, कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, किनाऱ्याला लागली. आपण बहुधा तिथेच थांबतो. पुढच्या अध्यायात पाऊस आहे, थंडी आहे आणि शेकोटी पेटवणारे माल्टा बेटाचे लोक आहेत. शहाणी माणसे ज्यांना रानटी म्हणत, तेच हे लोक.

जव्हारकडे आपले काम पाहिलेल्यांना डोली ठाऊक आहे. बांबूला चादर बांधायची, आत रुग्ण, बाकीचे खांदा देणार. गेल्या पावसाळ्यात एक बाई अडली. पाड्यावरच्या एका मुलाने टेकडीवर चढून, रेंज धरून मला फोन केला. डांबरी रस्ता संपतो तिथे आम्ही जीप घेऊन दीड तास थांबलो. डोंगरावर बॅटरीचा उजेड दिसायचा, ओहोळापाशी नाहीसा व्हायचा. खरे सांगते, मला प्रार्थनेचे शब्दही सुचत नव्हते. आम्ही नुसते हेडलाइट चालू ठेवले, खाली कोणी तरी आहे एवढे त्यांना कळावे म्हणून.

पहाटे जव्हारला मुलगी झाली. मायलेकी बऱ्या आहेत.

आता जीपचे मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले आहेत. मृग लागायच्या आत ते बदलायला हवेत. चाकावाचून उतरणे कॅप्टनना जमले, आमच्या ड्रायव्हरदादांना घाटात ते जमेलसे वाटत नाही. दानाची पाकिटे दाराशी ठेवली आहेत.