दुबळ्या भाषेचा वाटा

आई मराठी, वडील तमिळ, शेजार हिंदी आणि शाळा इंग्रजी. मुंबई-पुण्यात असं घर आता नवलाचं नाही. अशा पालकांना एक सल्ला हमखास मिळतो : प्रत्येकानं मुलाशी आपलीच भाषा बोलावी. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंजा यांनी १९१३ साली आपल्या मुलाच्या फ्रेंच-जर्मन वाढीवर पुस्तक लिहिलं, त्यातून हा नियम गाजला. सोपा आहे, म्हणून लोकप्रियही. पण तो पुरेसा नाही. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातल्या १८९९ कुटुंबांची आनिक द हाउवर यांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथल्या शाळेची डच भाषा मुलांना येतच होती. घरातली दुसरी भाषा मात्र सुमारे पाव कुटुंबांतली मुलं बोलत नव्हती. दोन्ही पालक ती बोलत, तिथं ती बहुधा टिकली. तेव्हा नियमाच्या शिस्तीपेक्षा दुबळ्या, म्हणजे शाळेत नसलेल्या भाषेच्या वाट्याला येणारे तास मोलाचे.

दोन भाषांनी मूल गोंधळेल, उशिरा बोलेल, ही भीती जुनी आहे. एकाच भाषेतले शब्द मोजले तर ते कमी भरतात खरे. दोन्ही भाषांतले मिळून मोजले की फरक बहुतेक मिटतो. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं तर आपण मोठी माणसंही दिवसभर करतो! बोलणं खरोखरच लांबलं, तर आधी कान तपासून घ्यावेत, घरची भाषा बंद करू नये. आणि नोकरी करणाऱ्या आईबापांना दुबळ्या भाषेसाठी वेळ कुठला? रास्त प्रश्न. म्हणूनच आजी-आजोबा, मावशी, अत्तै (तमिळ आत्या) यांचे फोन आणि सुट्टीतला त्यांच्याकडचा मुक्काम हिशेबात धरायला हवा.