एका ठोक्याचा वृक्ष

पंढरीच्या वाटेवर दिंडी चालली असतां मृदंगाची थाप शेजारच्या टाळकऱ्यास जेव्हां ऐकूं येते, तेव्हांच ती ३४ मीटर मागें चालणाऱ्यास ऐकूं येत नाहीं. त्याच्या कानीं ती सेकंदाच्या दहाव्या भागानें उशिरां पोहोंचते. भजनांत तेवढा फरक खपून जातो. परंतु नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपेवर असाच प्रकार, कितीहि सूक्ष्म प्रमाणांत, घडला, तर सारा हिशेबच चुकण्याचा संभव असतो.

चिपेचें काम टप्प्याटप्प्यानें चालतें. एका टप्प्याचें उत्तर फ्लिपफ्लॉप नांवाच्या लहानशा कोठडींत सांठविलें जातें आणि क्लॉकचा ठोका पडला कीं तें पुढील टप्प्याकडे निघतें. हा ठोका एका उगमापासून निघून तारांच्या फांद्यांतून सहस्रावधि फ्लिपफ्लॉपांपर्यंत जातो. या रचनेस क्लॉक ट्री म्हणतात. आणि दोन ठिकाणीं ठोका पोहोंचण्याच्या वेळांत जें अंतर पडतें, त्यास स्क्यू ही संज्ञा आहे.

उत्तर तयार होण्यास उशीर लागत असेल, तर ठोक्यांची गति उतरवून चिप वापरतां तरी येते. परंतु पुढील फ्लिपफ्लॉपास ठोका उशिरां मिळाला आणि तो जुना आंकडा टिपून घेण्यापूर्वींच मागून नवा आंकडा येऊन थडकला, तर त्यास उपाय नाहीं. हा घोटाळा एकाच ठोक्याच्या पोटांतला असल्यामुळें गति कितीहि कमी केली तरी तो टळत नाहीं. म्हणून आराखड्यांतच त्याचा बंदोबस्त करावा लागतो.

इंग्रजी एच अक्षरासारख्या फांद्या पाडून प्रत्येक वाट सारख्या लांबीची करणें, ही एक प्रसिद्ध युक्ति आहे. परंतु फ्लिपफ्लॉप कांहीं सारख्या अंतरावर पेरलेले नसतात. त्यामुळें जवळजवळच्यांचे गट करून प्रत्येक गटास एक फांदी देतात. तार दुप्पट लांब झाली, तर तिच्यांतील विलंब सुमारें चौपट होतो. यास्तव मधून मधून बफर बसवून ठोक्यास नवा जोर देतात. मात्र बफरहि वीज खातो, आणि उष्णता वा दाब बदलला कीं त्याची स्वतःची वेळहि ढळते. बफर नाइलाजापुरतेच असावेत.

येथें खर्चाचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीनें १९९२ सालीं आल्फा २१०६४ हा प्रोसेसर पुढें आणला. त्यांत सेकंदाला २० कोटि ठोके पडत. त्यास लागणाऱ्या सुमारें ३० वॅट शक्तीपैकीं जवळजवळ ४० टक्के शक्ति एकट्या क्लॉकच्या व्यवस्थेंत खर्च होई. कारण उघड आहे: इतर तारा आंकडा बदलला तरच हालतात, क्लॉकची तार मात्र, काम असो वा नसो, प्रत्येक ठोक्याला भरते आणि रिकामी होते.

तेव्हां सर्वत्र एकाच क्षणीं ठोका पोहोंचविण्याचा अट्टाहास हें कार्यक्षमतेचें लक्षण नव्हे. ज्या दोन फ्लिपफ्लॉपांत देवघेव आहे, त्यांच्या वेळा जुळल्या पाहिजेत. ज्यांचा परस्परांशीं संबंधच नाहीं, त्यांची वेळ जुळविण्यांत शक्ति व्यर्थ जाते. देवघेव करणारे एकाच फांदीवर ठेवले, तर फांदीच्या मुळाशीं झालेला विलंब दोघांनाहि सारखाच लागतो आणि तंटा उरत नाहीं. तसेंच, जो भाग स्वस्थ बसला आहे, त्याच्या फांदीच्या तोंडाशीं एक दार घालून ठोका तेवढा वेळ अडवितां येतो. यास क्लॉक गेटिंग म्हणतात. दार जितकें मुळाजवळ, तितकी बचत मोठी. मात्र त्या दाराचा विलंबहि हिशेबांत धरावा लागतो.

ठोका कोणास कोणाबरोबर हवा आणि कोणास मुळींच नको, हें ज्यास आधीं उमगलें, त्याचाच क्लॉक ट्री थोड्या शक्तींत वक्तशीर चालतो.