बफिंग : चढते की उतरते?

मोटारीचा रंग फिका पडला, की आपण सहज म्हणतो, "जरा बफिंग मारून घेऊ." यंत्र फिरते, पत्रा आरशासारखा दिसू लागतो आणि आपल्याला वाटते, रंगाला नवा मुलामा चढला! वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. बफिंगने काही चढत नाही, उतरते.

आजच्या बहुतेक मोटारींवर खाली प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेचा थर असतो. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. ओरखडा नाहीसा होतो तो बुजल्यामुळे नव्हे, तर त्याच्या काठांची लाख घासून खाली आणल्यामुळे. तेव्हा हे मुद्दल जपूनच खर्चावे. ओरखड्यावरून नख फिरवून पाहा. नख अडकले, तर तो बफिंगने जाईल ही आशा सोडा.

बफरची चकती एकाच आसाभोवती फिरते आणि मध्यापेक्षा तिची कड वेगाने धावते. ती एका जागी थांबली, की उष्णता साचते. पत्रा ती उष्णता पसरवतो. प्लॅस्टिकचा बंपर पसरवत नाही, म्हणून तो आधी भाजतो. कंगोऱ्यांवर तर थर पातळ आणि सगळा दाब एका रेषेवर. तिथे आधी चिकटपट्टी लावावी.

मग करावे कसे? गाडी प्रथम स्वच्छ धुवा. धुळीचा कण चकतीखाली आला, तर त्याचीच कानस होते, बरं का! सावलीत, पत्रा गार असताना, दीड-दोन फुटांचा तुकडा घ्या. मऊ चकती व सौम्य पॉलिश यांनी सुरुवात करा. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर पॉलिश पसरा, मग १२०० ते १५०० पर्यंत जा. चकती सपाट ठेवा, हात हलता ठेवा, वायर खांद्यावरून पाठीमागे टाका. मधूनमधून पत्र्याला तळहात लावा : कोमट चालेल, चटका नको.

आणि पारदर्शक थराच्या गाडीवर चकतीला गाडीचा रंग लागला, तर यंत्र तत्काळ थांबवा. लाख संपली! जुन्या, एकेरी रंगाच्या गाडीवर मात्र रंग लागणारच. संपलेली लाख कुठल्याही मेणाने परत येत नाही; तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

काम कारागिराकडे दिलेत, तरी "चमक किती येईल?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "थर किती उरेल?"